पाणी सोडणं

श्रावणात जलरंग वाळत नाहीत. एप्रिलमध्ये गच्चीवर बसून आकाशाचा एक हात दिला, तर चहा गार व्हायच्या आत कागद खडखडीत होतो. तोच हात ठोसेघरच्या धबधब्यासमोर, दरीच्या काठी, छत्रीची दांडी मान आणि खांद्याच्या बेचक्यात अडकवून दिला, की अर्धा तास नुसता चकाकत पडून राहतो. मधूनच धुक्याचा एखादा थेंब त्यात पडतो आणि झालरीसारख्या कडेचा डाग उमटतो. तो डाग मग काही केल्या जात नाही. घरी मी हेअर ड्रायर वापरते. दरीच्या काठी तो कुठून आणायचा?

उपाय सापडला तो कणसाच्या गाडीवर. गाड्या लावतात तिथं एक मावशी निळ्या ताडपत्रीखाली शेगडी घेऊन बसतात. पहिल्या वर्षी मी एक कणीस सांगितलं आणि ते भाजून होईपर्यंत हातातला बोर्ड सहज निखाऱ्यांकडे धरला. कागदातून वाफ निघाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात आमचा तोच व्यवहार चालतो : रंगाचा एक हात, एक कणीस. माझ्या तीन चित्रांना अजून भाजक्या कणसाचा वास येतो आणि एकाच्या कोपऱ्यात ठिणगीनं पाडलेलं मोहरीएवढं भोक आहे.

परवाच्या खेपेला मावशींनी वारा घालायचा पुठ्ठा थांबवून चित्राकडे बघितलं. आकाश झालं होतं, कडा झाला होता, खालचे धोंडे निम्मेअर्धे झाले होते.

"ताई, पाणी कुठंय ह्यात? नुसते धोंडेच काढलेत की."

"आहे ना. हे काय." मी मधल्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हितं तर काहीच न्हाई."

"तेच पाणी."

त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा कणसाकडे बघितलं. "लिंबू जास्त लावू का?"

ते उत्तर खरं म्हणजे माझं नव्हतं. आमच्या चित्रकलेच्या सरांचं होतं. साताऱ्यातल्या आमच्या शाळेत ते पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना चित्रकला शिकवत आणि उरलेल्या वेळात वार्षिक संमेलनाचे पडदे रंगवत. वर्गात आम्ही धबधबा काढायचो तो असा : आधी सगळा डोंगर तपकिरी रंगवून टाकायचा आणि मग पांढऱ्या पोस्टर कलरच्या बाटलीत ब्रश बुडवून वरून खाली एक जाड फटकारा ओढायचा. प्रत्येकाच्या खोक्यात पांढरी बाटली सगळ्यांत आधी संपलेली असे. सर मागून येत, वाकून बघत आणि म्हणत, "पोतारा मारलायस काय डोंगराला?" पोतारा म्हणजे भिंतीला द्यायचा पांढऱ्या मातीचा हात. वर्ग हसायचा. मग सर माझ्याच कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन रेघा ओढून दाखवायचे. या दोन रेघांच्या आत ब्रश न्यायचा नाही. दोन्ही अंगांनी दगड रंगवत या. "पाणी रंगवायचं नसतं," ते म्हणायचे, "सोडायचं असतं."

आम्हाला तेव्हा वाटे, सर रंग वाचवायला शिकवतायत.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. एकदा त्याच्यावर रंग चढला की तो पांढरेपणा पुन्हा मिळत नाही. ब्लेडनं खरवडून चार तुषार काढता येतात, आधी मेणबत्ती घासून ठेवली तर तेवढ्या जागी रंग धरत नाही, बाजारात रबरासारखा वाळणारा द्रवही मिळतो. या सगळ्या पळवाटा मी वापरल्यात, देवघरातल्या मेणबत्त्या त्यापायी संपवल्यात. पण समोरच्या कड्यावरून पाणी धो धो पडत असताना पहिल्या मिनिटाला ठरवावं लागतं की कागदावर कुठं काहीही करायचं नाही, यातून त्यांपैकी एकही युक्ती सुटका करत नाही. बाकीचं चित्र चुकत-माकत, डागडुजी करत पुरं होतं. ही एक जागा आधी ठरते.

सोडणं या क्रियापदानं मला बराच काळ भंडावलं. धरणातून पाणी सोडतात, नळाला पाणी सोडतात. हे पाणी येण्याचं सोडणं. आणि दान देताना हातावर पाणी घेऊन तेही सोडतात, म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क संपला. त्यावरूनच, जे आता आपलं होणार नाही त्याच्यावर पाणी सोडलं म्हणायचं. एकाच शब्दानं येणंही सांगायचं आणि जाणंही, ही आपल्या भाषेची सवय. सरांच्या मनात यातलं काही असेल असं वाटत नाही. ते साधं कागद सोडण्याबद्दल बोलत होते.

माझ्यापुरतं सांगायचं तर 1975 साली चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला बी ग्रेड मिळाली आणि मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये जायचं मी मनाशी पक्कं केलं. वडील नाही म्हणाले नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी कॉमर्स कॉलेजचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं, पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं. मी सही केली. रडारड झाली नाही. पुढं बँकेत लागले, लोकांच्या ठेवींच्या पावत्या लिहिल्या, निवृत्त झाले आणि पहिल्या महिन्याच्या पेन्शनीतून रंग घेतले. एवढीच गोष्ट. तिच्यात कुणाचा दोष काढावा असं काही नाही. त्या टोपणाचं मात्र अजून हसू येतं.

ग्रेडच्या परीक्षेला स्मरणचित्र नावाचा एक विषय असतो. समोर काही नसताना, आठवून काढायचं. नदीकाठ, बाजार, पाणवठा असं काहीतरी. मागं डोंगर हवेच, आणि आमचे डोंगर ठरलेले : त्रिकोणी, शेजारी शेजारी बसवलेले, करवतीच्या दातांसारखे. आता गंमत बघा. आमच्या वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. दुसऱ्या अंगाला यवतेश्वराचं पठार. दोन्ही वरून असे सपाट की जणू कुणी विळीवर कापून ठेवलेत. त्या खिडकीकडे पाठ करून चाळीस पोरं आठवून आठवून त्रिकोण काढत होती. कधीच न बघितलेली गोष्ट आम्हाला आठवत होती आणि रोज बघितलेली आठवत नव्हती.

आपला डोंगर त्रिकोणी नाही, कारण तो वर उचलला जाऊन टोकदार झालेला नाही. तो थरावर थर साचून झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला, पसरला, थिजला, त्याच्यावर पुढचा आला. त्यातले कठीण थर टिकले, त्यांचे कडे झाले. मऊ थर झिजले, त्यांचे उतार झाले आणि त्यांच्यावर गवत, झाडी उगवली. म्हणून सह्याद्रीकडे लांबून बघितलं की काळा पट्टा, हिरवा पट्टा, परत काळा पट्टा असा जिना दिसतो. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलाय. स्वीडनच्या माणसाला पायऱ्या दिसल्या. आम्ही खिडकीशी बसून करवत काढत होतो.

आपले धबधबे टप्प्याटप्प्यानं का उतरतात तेही या जिन्यामुळं कळतं, आणि चित्र काढताना त्याचा फायदा होतो. कडा रंगवताना हात आधी आडवा चालवायचा, थरांच्या अंगानं, आणि मग उभ्या भेगा द्यायच्या. उलटं केलं तर कडा गोणपाटाच्या पडद्यासारखा लोंबकळायला लागतो. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीची एक बारीक रेघ असते. ती दिसली की मी हरखते. सगळ्या काळ्या-हिरव्या पसाऱ्यात निसर्गानं स्वतःच बर्न्ट सिएनाची एक ओळ मारून ठेवलेली असते.

दगडांचं मात्र वेगळं प्रकरण आहे. लोक धबधबा बघायला येतात आणि धबधब्याचा फोटो काढून जातात, पण चित्र काढायला बसलं की नव्वद टक्के वेळ दगडांतच जातो. सरांचा त्यातला एकच नियम मला आजही पुरतो : दगडाला डोकं असतं, गाल असतो आणि गळा असतो. डोक्यावर आभाळाचा उजेड पडतो, गालावर अर्धा, गळ्याखाली अंधार. हे तीन भाग तीन छटांत वेगळे ठेवले की दगड बसतो. नाही ठेवले तर बटाटा होतो. "बटाटे काढू नका," हे ते दिवसातून दहा वेळा म्हणत. दुसरं, सगळे दगड सारखे काढू नका. पोरांच्या चित्रात नदीत दगड असतात ते एकाच मापाचे, सारख्या अंतरावर, कवायतीला उभे केल्यासारखे.

ठोसेघरला मी बसते तिथून चार हातांवर एक धोंडा आहे. म्हशीएवढा, अर्धा गवतात रुतलेला. त्याला मी इतक्या वेळा काढलंय की आता तो मला ओळखत असावा. कोरडा असताना तो राखेच्या रंगाचा दिसतो, जरा तपकिरीकडे झुकणारा. अंगावर मसुराच्या डाळीएवढी भोकं आहेत. लाव्हा थिजताना आतला वायू बुडबुड्यांसारखा अडकला, त्याची ती घरं. त्यांतल्या काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेत, साबुदाण्यासारखे. पाऊस आला की धोंडा दोन मिनिटांत काळा होतो. पण नीट बघितलं तर काळा होतो ते फक्त त्याचे गाल आणि गळा. डोकं उलट उजळतं, कारण ओल्या पाठीवर आभाळ चकाकायला लागतं. भर पावसात तो कोरड्या दिवसापेक्षा जास्त उजेडाचा दिसतो. हे मला कळायला तीन पावसाळे गेले. ओला दगड काळा असतो हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी तो काळा रंगवत होते आणि माहीत असल्यामुळं बघत नव्हते.

काळी बाटली सर वापरू देत नसत. काळ्यानं दगडाचा कोळसा होतो म्हणायचे. मी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळते. दोघांच्या प्रमाणानुसार त्यातून पहाटेच्या धुक्यापासून ओल्या कातळापर्यंत सगळे करडे रंग निघतात. खरखरीत कागदावर अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर रंगाला रवाळ पोत येतो. दगडाची कातडी आपोआप तयार होते. मला त्यात काहीच करावं लागत नाही. म्हणूनच त्या वेळी ब्रश खाली ठेवायला जमलं पाहिजे, आणि तेच जमत नाही. हात शिवशिवतो. आणखी एक भेग, आणखी एक सावली, आणि मग चांगला जमलेला दगड बघता बघता चिखल होतो.

नाणेघाटातलं पाणी मला अजून साधलेलं नाही. पावसाळ्यात तिथं कड्यावरून पाणी पडायला लागतं न लागतं तोच कोकणातून वर येणारा वारा त्याला उचलतो आणि परत माथ्यावर फेकतो. पाणी चढतं. मी दोनदा काढून बघितलं. पहिलं चित्र बघून भाची म्हणाली, "मावशी, कुठं वणवा लागलाय?" दुसरं मी कुणाला दाखवलं नाही.

बँकेसमोरच्या उडपी हॉटेलात एक धबधबा होता. तुम्हीही असा कुठंतरी बघितला असेल. चौकटीत बर्फाचे डोंगर, सूचीपर्णी झाडं, आणि मधून पाणी वाहत असल्याचा भास. मागं दिवा आणि काहीतरी पट्ट्यापट्ट्यांचं फिरत असायचं, त्याची बारीक कुरकुर मसाला डोशाच्या वासात मिसळून ऐकू यायची. त्या चौकटीखालचं टेबल आम्ही हट्टानं धरायचो. भारनियमनाच्या दिवसांत दुपारी वीज गेली की धबधबा थांबायचा. पडता पडता जागच्या जागी. एकदा शेजारच्या टेबलावरचं एक पोर, वीज परत आल्यावर, "आला, पाणी आलं" म्हणून ओरडलं आणि सगळं हॉटेल हसलं. त्या काळात आमच्याकडं नळालाही एक दिवसाआडच पाणी येत होतं.

ती चौकट बटबटीत होती, आणि ती मला आवडायची. बटबटीत चित्रांवर नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण तिच्यातलं पाणी बघून कधी गार वाटलं नाही, हेही खरं. गार वाटलं ते एका पुस्तकातल्या काळपट छपाईकडं बघताना. फान कुआन नावाच्या चिनी चित्रकारानं हजार वर्षांपूर्वी रेशमावर शाईनं काढलेला डोंगर. मूळ चित्र दोन मीटरांहून उंच आहे आणि तैपेईच्या संग्रहालयात आहे. चित्राचा बहुतेक भाग एका प्रचंड कड्यानं व्यापलाय. पायथ्याशी खेचरं घेऊन चाललेले प्रवासी आहेत, ते शोधावे लागतात, मुंगीएवढे. आणि कड्याच्या उजव्या अंगाला, एका काळ्या घळीत, धबधबा आहे. धबधबा कसला, दोराच आहे. वरून खाली आलेला एक पांढरा दोरा, आणि तो जिथं टेकायचा तिथं टेकतच नाही, धुक्यात विरून जातो. कडा मात्र बारीक बारीक ठिपक्यांनी, पावसाचे थेंब आपटल्यासारख्या फटकाऱ्यांनी भरून काढलाय. किती दिवस लागले असतील कोण जाणे. दोऱ्याला काहीच केलेलं नाही. चिनी भाषेत निसर्गचित्राला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी डोंगर-पाणी असा आहे. या चित्रकारानं सही कुठं केली होती तेही बघा : प्रवाशांमागच्या झाडांच्या पानांत, अशी लपवून की ती थेट 1958 साली कुणाच्या तरी नजरेला पडली.

मी माझी सही उजव्या कोपऱ्यात ठळक करते. खाली तारीखही टाकते. बँकेची सवय.

धुकं हा ठोसेघरचा मालक आहे. तुम्ही पाट्या-ब्रश मांडून बसता आणि दरी भरते. समोरचा कडा जातो, धबधबा जातो, कठड्यावरची माणसंसुद्धा जातात, उरतो फक्त आवाज. त्या आवाजाच्या दिशेला तोंड करून दहा-दहा मिनिटं बसायचं. कॉलेजची पोरं शिट्ट्या मारतात, कुणीतरी आपल्या बायकोला हाका मारत असतो. मग एकदम पडदा सरकल्यासारखा कडा पुढं येतो, ओला, आधीपेक्षा जवळ, आणि हातात असतात फार तर आठ मिनिटं. अशा वेळी मला चंद्रकांत मांडरे आठवतात. पडद्यावर शिवाजी महाराज उभे करणारा हा नट निसर्गचित्रंही काढत होता. कोल्हापुरात त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. रंगाची पूड कागदावर घासून ते चित्र उठवत. पुडीला वाळायची भानगड नाही. त्यांनी ठोसेघरचं धुकं काढलं असतं तर शेगडी लागली नसती.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी मुद्दाम गेले. पाणी नसताना कडा कसा दिसतो ते बघायचं होतं. मावशी नव्हत्या, ताडपत्री नव्हती, कठड्यावर दोन माकडं होती. दरीत वारा गरम. आणि समोर, जिथं मी इतकी वर्षं कागद कोरा सोडत आले, तिथं कड्यावर वरून खालपर्यंत एक काळी पट्टी होती. पाण्याच्या वाटेवर पावसाळाभर शेवाळ माजतं आणि उन्हाळ्यात वाळून कातळाला काळं चिकटून राहतं, हे समजायला काही अवघड नाही. तरी मी बराच वेळ बघत राहिले. अख्ख्या कड्यात तीच जागा सगळ्यांत गडद होती. मी ती काढली. त्या दिवशी कागद इतका भराभर वाळत होता की ब्रश टेकायच्या आत रंगाची कड धरत होती. घरी येऊन ते चित्र श्रावणातल्या चित्राशेजारी ठेवलं तर एक दुसऱ्याची निगेटिव्ह वाटत होतं, पूर्वी स्टुडिओत फोटोबरोबर पाकिटात घालून देत तशी.

यंदा पावसाळ्याआधीची आवराआवर करताना ट्रंकेच्या तळाशी एक गुंडाळी सापडली. आत ग्रेडचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबर कार्ट्रिज कागदावरचं एक चित्र, 1975 सालचं, परीक्षेच्या सरावासाठी काढलेलं. डोंगर, दगड, धबधबा. डोंगर सपाट माथ्याचा आहे, म्हणजे सरांनी तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसवलं असणार. पाण्याची जागा मी खरोखरच कोरी सोडली होती, पेन्सिलीच्या दोन रेघांमध्ये. त्या रेघा अजून दिसतात. कागद स्वस्तातला, इतक्या वर्षांत पिवळा पडत पडत आता पार चहाच्या रंगाला आलाय. त्यामुळं धबधब्याचं पाणी गढूळ झालंय, आषाढातल्या पहिल्या लोंढ्याचं असतं तसं. खालचे दगड मात्र जसेच्या तसे आहेत. सगळे एका मापाचे, आणि सगळे बटाटे.